शून्य कोरलेल्या डोंगरावर जाताना

इसवी सन १४४० च्या सुमाराला ग्वाल्हेरच्या डोंगरावर छिन्न्यांचे घाव पडत होते. तोमर राजा डुंगरसिंहाचं राज्य होतं आणि डोंगराच्या पश्चिम अंगाच्या उरवाई घळीत कारागीर उभ्या कड्यातूनच जैन तीर्थंकर बाहेर काढत होते. त्यांतली आदिनाथांची उभी मूर्ती सुमारे ५७ फुटांची आहे. तिच्या नुसत्या पावलाची लांबी नऊ फूट भरते. हे काम डुंगरसिंहाच्या आणि त्याचा मुलगा कीर्तिसिंह याच्या काळात तीसएक वर्षं चाललं. मूर्तींवर कोरलेल्या सालांतून ते वाचता येतं.

नेमक्या त्याच वर्षांत, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, अँडीज पर्वतात आणखी एका डोंगरावर दगड घडवले जात होते. तिथला इंका राजा पाचाकुती. समुद्रसपाटीपासून २,४३० मीटर उंचीवर, उरुबांबा नदीच्या वळणावर त्याने जे उभं केलं, त्याला आज जग माचू पिचू म्हणतं. येल विद्यापीठाच्या रिचर्ड बर्गर यांच्या गटाने २०२१ मध्ये तिथल्या मानवी अवशेषांच्या कार्बन चाचण्या जाहीर केल्या आणि तिथली वस्ती १४२० च्या आसपास सुरू झाली असावी, असं सांगितलं. म्हणजे डुंगरसिंह आणि पाचाकुती एकाच पिढीचे. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती, आणि असण्याचा मार्गही नव्हता. दोन्हीकडचं काम सुरू झालं तेव्हा कोलंबस जन्मलासुद्धा नव्हता.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हापासून हे दोन डोंगर माझ्या मनात एकमेकांशेजारी उभे आहेत.

अलीकडे आपल्याकडची पुष्कळ मंडळी पेरूला जातात, आणि जाण्याआधी किती तयारी करतात! माचू पिचूचं तिकीट ठरावीक वेळेचं आणि ठरावीक वाटेचं असतं. इंकांच्या जुन्या पायवाटेने चार दिवस चालत जायचं, तर दिवसाला हमाल-वाटाडे धरून पाचशेच माणसांना परवाना मिळतो, म्हणून तो कित्येक महिने आधी काढावा लागतो. फेब्रुवारीत ती वाट दुरुस्तीसाठी बंद असते. कुस्को ३,४०० मीटरवर, तेव्हा तिथल्या विरळ हवेची सवय व्हायला दोन दिवस हाताशी ठेवावे लागतात. मग पुस्तकं वाचायची, नकाशे बघायचे, कोणतं देऊळ कुठल्या दिशेला आहे ते आधीच डोक्यात बसवायचं.

ग्वाल्हेरला मात्र आपण आग्रा आणि खजुराहो यांच्यामधले दोन-तीन तास देतो. गाडी उरवाईच्या बाजूने वर जाते, मानमंदिरासमोर फोटो निघतो, गाडी खाली येते. माझं म्हणणं एवढंच की माचू पिचूसाठी जी तयारी आपण आनंदाने करतो, तीच या डोंगरासाठी केली पाहिजे. हा डोंगर तेवढा खोल आहे.

आधी दगड समजून घेऊ, कारण बाकी सगळं त्यातून निघतं.

गोपाचल, गोपगिरी अशी जुनी नावं असलेला हा डोंगर सपाट मैदानात एकटाच उठलेला आहे. लांबी तीन किलोमीटरच्या आसपास, रुंदी कुठे दोनशे मीटरसुद्धा नाही तर कुठे आठशेच्या वर, आणि उंची मैदानापासून सुमारे शंभर मीटर. वरचा दगड विंध्य समूहातला वालुकाश्म आहे. शंभर कोटी वर्षांहून जुन्या पाण्यात साचलेल्या वाळूचे हे थर. वालुकाश्माला दोन गुण आहेत. तो आडव्या थरांत साचलेला असल्यामुळे त्याची कड तुटते ती सरळ उभी, त्यामुळे डोंगराला आपोआप तटबंदी मिळते. आणि तो छिन्नीला दाद देतो. म्हणूनच इथल्या माणसांनी दगड काढून मूर्ती घडवण्याऐवजी डोंगरालाच मूर्ती केलं.

माचू पिचूचा दगड ग्रॅनाइट आहे. तो असा ऐकत नाही, आणि इंकांकडे लोखंड नव्हतं. त्यांनी कठीण गोट्यांनी ठोकून ठोकून दगडाच्या कडा अशा जुळवल्या की कित्येक सांध्यांत पातळ पातंही जात नाही. ब्राझीलचे भूवैज्ञानिक रुआल्दो मेनेगात यांनी २०१९ मध्ये मांडलं की ते नगर जमिनीतल्या भेगा एकमेकींना छेदतात तिथेच मुद्दाम वसवलं गेलं. भेगांमुळे ग्रॅनाइट आधीच फुटलेला होता, त्यामुळे खाण जागेवरच मिळाली आणि पाणी निचरायला वाटाही मिळाल्या.

पाण्याच्या बाबतीत तर हे दोन डोंगर एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि मला यातली गंमत फार मोठी वाटते. माचू पिचूवर वर्षाला जवळपास दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथल्या स्थपतींपुढचा मोठा प्रश्न, पाणी घालवायचं कसं? केनेथ राइट या जलअभियंत्याने तिथे वर्षानुवर्षं मोजमापं घेतली. त्याच्या अंदाजाने तिथल्या बांधकामाचा साठ टक्के भाग जमिनीखाली आहे: पाया, भर, निचऱ्याचे थर. प्यायचं पाणी एका झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीच्या दगडी पाटाने येतं आणि एकाखाली एक अशा सोळा कुंडांतून उतरतं.

ग्वाल्हेरला पाऊस याच्या निम्म्याहून कमी, आणि तोही बहुतेक सगळा जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणून इथल्या माणसांनी प्रश्न उलटा सोडवला आणि पडेल तो थेंब माथ्यावरच अडवला. सूरजकुंड, जौहर ताल, मानसरोवर, गंगोला ताल, एक खंबा ताल, राणी ताल, कटोरा ताल, अस्सी खंबा बावडी... नावं मोजत फिरलं तरी अर्धा दिवस जातो. या तलावांवाचून हा किल्ला नुसता दगड राहिला असता. सुलतान अल्तमशाने १२३२ मध्ये तो जिंकला, तेव्हा वेढा अकरा महिने चालला होता. उंच कड्यावर कोंडलेली माणसं एवढे महिने टिकली, ती साठवलेल्या पाण्यावर. त्या वेढ्याच्या शेवटी राजपूत स्त्रियांनी जिथे जोहार केला, त्या तळ्याला आजही जौहर ताल म्हणतात.

आता चढायला लागू, पण पूर्वेच्या बाजूने. उरवाईच्या बाजूचा रस्ता वाहनांचा आहे. पूर्वेची वाट पायी चालणाऱ्यांची, साधारण किलोमीटरभराची, फरसबंद आणि चढाची. पायथ्याला गूजरी महाल आहे. राजा मानसिंह तोमराने मृगनयनी राणीसाठी तो बांधला असं सांगतात. आज तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि ते उभं करणाऱ्या माणसाचं नाव मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं: मोरेश्वर बळवंत गर्दे. शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानाचं पुरातत्त्व खातं त्यांनी उभारलं, संस्थानभर विखुरलेल्या मूर्ती आणि शिलालेख नोंदवले, जमवले, आणि १९२२ मध्ये हे संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. हायरम बिंगहॅम २४ जुलै १९११ ला मेल्चोर आर्तेआगा नावाच्या शेतकऱ्याच्या पाठोपाठ माचू पिचूवर पोहोचला आणि जगप्रसिद्ध झाला. त्याच दशकात गर्द्यांनी हे काम हाती घेतलं, पण त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. ग्यारसपूरची शालभंजिका याच संग्रहालयात आहे. ती कुलपात ठेवलेली असते. दाखवा म्हणून आवर्जून विचारा.

आलमगिरी दरवाजातून आत शिरलं की एकामागून एक दरवाजे लागतात. लक्ष्मण दरवाजाजवळ वाटेच्या कडेला एक लहानसं देऊळ आहे. एकाच खडकातून कोरलेलं, चौरस, बाजू जेमतेम बारा फूट. वाटेवरून जाणारी बहुतेक माणसं त्याच्याकडे वळूनही बघत नाहीत. हे चतुर्भुज मंदिर. माझ्या मते सबंध डोंगरावरची सगळ्यात मौल्यवान जागा हीच.

नवव्या शतकात इथे कनौजच्या गुर्जर-प्रतिहारांची सत्ता होती. राजा भोजदेव, ज्याला इतिहास मिहिर भोज म्हणतो, त्याने या किल्ल्यावर अल्ल नावाचा कोटपाल नेमला होता. अल्लाचं घराणं गुजरातेतल्या आनंदपूरहून आलेलं, बापाचं नाव वैल्लभट्ट. अल्लाने विष्णूचं हे देऊळ खोदवलं आणि बापाच्या नावावरून देवाला वैल्लभट्टस्वामी म्हटलं. देवळात दोन शिलालेख आहेत. एक ८७५ चा, श्लोकबद्ध. दुसरा ८७६ चा, विक्रम संवत ९३३ चा. अलेक्झांडर कनिंगहॅमच्या पाहणीत ते आले आणि जर्मन विद्वान हुल्श यांनी १८९२ च्या सुमाराला ते वाचून प्रसिद्ध केले.

दुसऱ्या लेखात काही थोर तत्त्वज्ञान नाही, देणग्यांची नोंद आहे. देवासाठी फुलबाग करायला जमीन दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. तेल्यांनी दिव्यासाठी घाण्यामागे दरमहा ठरावीक तेल द्यायचं. माळ्यांनी रोज ५० हार द्यायचे. आता आकडे पुन्हा वाचा. २७० आणि ५०. दोन्हींच्या शेवटी दगडात एक बारीकसं वर्तुळ कोरलेलं आहे, बाजूच्या अंकांपेक्षा लहान. ते शून्य आहे. आज आपण लिहितो तेच, त्याच जागी, त्याच कामासाठी.

क्षणभर थांबून याचा अर्थ लावून बघा. शून्य नसतं तर ही बाग २७ हातांची झाली असती आणि देवाला रोज पाच हार मिळाले असते. ते बारीक वर्तुळ सांगतं की सात हा अंक एककाचा नाही, दशकाचा आहे. एककाच्या घरात काही नाही, पण घर आहे. स्थानावरून किंमत ठरवायची ही रीत ज्यांच्याकडे नव्हती, त्या रोमनांना २७० लिहायला पाच अक्षरं लागत आणि त्या अक्षरांवर गुणाकार करणं म्हणजे शिक्षा होती. ग्वाल्हेरच्या कारकुनाने मात्र २७० गुणिले १८७ मांडलं असेल, तर उत्तर ५०,४९० चौरस हात आलं असणार, आणि त्या उत्तरातही दोन शून्यं आहेत. हात दीड फुटाचा धरला तर बाग अडीच एकरांहून थोडी मोठी होते.

मला सगळ्यात जास्त हलवून टाकते ती या लेखातली सहजता. शून्य म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याने कुठे समजावलेलं नाही. समजावायची गरजच त्याला वाटली नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात शून्याच्या बेरजा-वजाबाक्यांचे नियम सांगितले होते. अडीचशे वर्षांत ते ज्ञान ज्योतिषांच्या पोथ्यांतून उतरून तेली, माळी आणि कोटपाल यांच्या व्यवहारात मुरलं होतं. एखादी कल्पना किती मोठी आहे हे ती पहिल्यांदा कुणाला सुचली यावरून कळतंच, पण ती हारांच्या हिशेबात कधी आली यावरून जास्त कळतं.

हे जगातलं सगळ्यात जुनं शून्य आहे, असं काही जण ठोकून देतात. तसं नाही. कंबोडियात सांबोर इथे सापडलेल्या लेखात शके ६०५, म्हणजे ६८३ साल लिहिलेलं आहे आणि तिथे शून्याच्या जागी ठसठशीत टिंब आहे. पण गोल शून्य घेऊन लिहिलेले भारतातले सगळ्यात जुने आकडे, निश्चित तिथीसह, दगडावर वाचायचे असतील तर ग्वाल्हेरच्या या देवळातच यावं लागतं. जगभरचे गणिती इथे येतात ते त्यासाठीच.

आता अँडीजमध्ये परत चला. इंकांना आपण समजतो तशी लिपी नव्हती. त्यांच्याकडे किपू होता, म्हणजे एका जाड दोरीला लोंबणाऱ्या अनेक बारीक दोऱ्या आणि त्या दोऱ्यांना मारलेल्या गाठी. लेलंड लॉक या अमेरिकी अभ्यासकाने १९१२ मध्ये दाखवून दिलं की या गाठी दशमान पद्धतीचे आकडे आहेत. दोरीवर वरच्या टप्प्यात शतकं, त्याखाली दशकं, तळाशी एककं. दशक-शतकांना साध्या गाठी. एककांना वेगळ्या, वेढे घेतलेल्या लांब गाठी, म्हणजे आकडा कुठे संपतो ते कळावं.

अल्लाच्या बागेची लांबी किपूवर लिहायची झाली तर? शतकाच्या टप्प्यात दोन गाठी, त्याखाली सात गाठी, आणि एककाच्या टप्प्यात काहीच नाही, कोरी दोरी. माळ्यांचे ५० हार असे: दशकाच्या टप्प्यात पाच गाठी, खाली पुन्हा कोरी दोरी. म्हणजे इंकांनाही शून्याची जागा ठाऊक होती! त्यांनी ती रिकामी सोडली. शेजारच्या दोऱ्यांच्या गाठी त्याच पातळीला असल्यामुळे वाचणाऱ्याला कळायचं की इथे एककाचं घर आहे आणि ते रिकामं आहे.

दहा-दहाने मोजणारी, स्थानावरून किंमत ठरवणारी, रिकाम्या घराचा मान ठेवणारी दोन माणसं, मध्ये दोन महासागर. मानवाच्या बुद्धीबद्दल यापेक्षा दिलासा देणारी गोष्ट मला माहीत नाही. तरी दोघांत फरक आहे आणि तो लहान नाही. किपूतलं शून्य शेजारच्या दोऱ्यांच्या आधारावर उभं असतं. एकच दोरी कापून हातात घेतली तर तिच्यातलं शून्य डळमळतं. ग्वाल्हेरच्या शून्याला स्वतःचं शरीर आहे. ते दगडावरून पोथीत, पोथीतून धुळपाटीवर, तिथून दुसऱ्या देशात जाऊ शकतं आणि तिथेही शून्यच राहतं. ते बगदादला गेलं, तिथून युरोपात गेलं, आणि आज पेरूतल्या तिकीटघरातही तेच छापलेलं असतं. गाठींच्या दोऱ्या मात्र स्पॅनिश आक्रमणानंतर वाचणाऱ्यांशिवाय राहिल्या.

या देवळाच्या ओट्यावर निवांत बसा. मग हत्तीपोळातून वर जा.

हत्तीपोळाला लागूनच मानमंदिर आहे. मानसिंह तोमराचा हा वाडा (त्याची कारकीर्द १४८६ ते १५१६). पूर्वेची भिंत कड्याच्या काठावरूनच उठते, गोल बुरूज घेऊन, आणि त्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चिनी मातीच्या तुकड्यांचे पट्टे आहेत: हंसांची रांग, हत्ती, मगरी, केळीची झाडं. पाचशे वर्षांच्या उन्हानंतरही तो निळा रंग डोळ्यांत भरतो. ही भिंत सकाळच्या उन्हातच बघावी; दुपारनंतर ती सावलीत जाते. आत जमिनीखाली दोन मजले आहेत. उन्हाळ्यासाठी काढलेल्या त्या गार खोल्या पुढे मोगलांनी तुरुंग म्हणून वापरल्या. औरंगजेबाचा भाऊ मुराद याला याच किल्ल्यावर १६६१ मध्ये मारलं गेलं. शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांना जहांगीरने इथेच कैदेत ठेवलं होतं. त्यांची आठवण सांगणारा दाता बंदी छोड गुरुद्वारा माथ्यावर आहे.

बाबर १५२८ मध्ये इथे आला होता. मानसिंहाचे वाडे त्याने कौतुकाने पाहिले, आणि उरवाईतल्या नग्न मूर्ती फोडायचा हुकूमही त्याचाच. म्हणून कित्येक तीर्थंकरांचे चेहरे फुटलेले दिसतात. पुढे जैन समाजाने काहींची डागडुजी केली. बाबर येऊन गेल्यावर चारच वर्षांनी, १५३२ च्या नोव्हेंबरात, स्पॅनिश सेनानी पिसारोने काहामार्का इथे इंका सम्राट अताहुआल्पाला पकडलं. दोन्ही डोंगरांच्या नशिबाचे फेरे इतके जवळ जवळ फिरले. पण माचू पिचू त्यानंतर ओस पडलं आणि रानात गेलं. ग्वाल्हेरचा डोंगर एक दिवसही ओस पडला नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच तो वाचायला जास्त कठीण आहे. इथे एकावर एक किती हात फिरले आहेत! मिहिरकुल हूणाच्या पंधराव्या राज्यवर्षात, म्हणजे सहाव्या शतकात, मातृचेट नावाच्या माणसाने या डोंगरावर सूर्याचं दगडी देऊळ बांधल्याचा लेख सापडला आहे. कच्छपघात राजा महिपालाच्या वेळी पुरं झालेलं, १०९३ चा लेख असलेलं सासबहू मंदिर पूर्वेच्या कड्यावर आहे. त्याच्या छताखाली उभं राहून मान वर केली की कोरीवकामाची वर्तुळं एकात एक वर चढत जातात. आणि तेली का मंदिर, आठव्या-नवव्या शतकातलं, जवळजवळ तीस मीटर उंच. त्याच्या माथ्यावर उत्तरेकडच्या देवळांचं निमुळतं शिखर नाही, दक्षिणेच्या गोपुरासारखी लांबट पाठ आहे. इंग्रजांच्या फौजेने या देवळात सोडावॉटरचा कारखाना थाटला होता. मेजर कीथ यांनी १८८१ च्या सुमाराला ते सोडवून दुरुस्त केलं, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

मराठी माणसासाठी या डोंगराला आणखी एक थर आहे. महादजी शिंद्यांच्या फौजेकडून हा किल्ला इंग्रज अधिकारी पॉफमने ऑगस्ट १७८० मध्ये एका रात्रीत घेतला. कड्याला शिड्या लावून चढताना आवाज होऊ नये म्हणून शिपायांना कापूस भरलेल्या लोकरी कापडाची पादत्राणं दिली होती. काही वर्षांतच महादजींनी किल्ला परत मिळवला. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी डोंगराच्या पायथ्याशी दक्षिणेला फौजेचा तळ टाकला. तो तळ उठलाच नाही, त्याचं शहर झालं, लष्कर. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांनी ग्वाल्हेर घेतलं आणि काही दिवसांतच राणी इथल्याच मातीत पडली. त्यानंतर इंग्रजांनी किल्ला स्वतःकडे ठेवला, आणि १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत केला.

लष्करच्या गल्ल्यांतून फिरताना शिंदे की छावणी, फालके बाजार ही नावं कानावर पडतात तेव्हा आपण परमुलखात आहोत असं वाटत नाही. इथेच कवी भा. रा. तांबे राहिले आणि १९४१ मध्ये इथेच गेले. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आणणारे चिंतामण विनायक वैद्य ग्वाल्हेर संस्थानाचे सरन्यायाधीश होते. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा वासुदेवबुवा जोशींकडे गाणं शिकायला इथेच आले, आणि ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात रुजला तो त्यांच्यामुळे. संध्याकाळी किल्ल्याच्या काठावरून खालचं लष्कर बघताना हे सगळं आठवत असेल, तर ते नुसतं दृश्य राहत नाही.

आता जाण्याच्या बेताबद्दल बोलू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत मात्र धुकं दाट असतं, गाड्या तासन् तास उशिरा धावतात, तेव्हा परतीचा दिवस मोकळा ठेवा. एप्रिल ते जून जाऊच नका. पावसाळ्यात तलाव भरलेले दिसतात. पाण्याची सारी योजना समजून घ्यायची असेल तर सप्टेंबरची अखेर चांगली. मुंबईहून संध्याकाळी निघणारी पंजाब मेल दुसऱ्या दिवशी दुपारी ग्वाल्हेरला पोहोचवते. पुण्याहून झेलम आणि गोवा एक्सप्रेस याच मार्गाने जातात.

पूर्ण दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी सकाळी लवकर पूर्वेच्या वाटेने चढा, चतुर्भुज, मानमंदिर, सासबहू, तेली का मंदिर असं माथ्यावरून दक्षिणेकडे जा, आणि दुपार कलल्यावर उरवाईच्या घळीतून उतरा. पश्चिमेचं ऊन तेव्हा मूर्तींवर पडतं. गाडीने उतरू नका. काचेतून ५७ फूट कळत नाहीत. दुसरा दिवस गूजरी महालाच्या संग्रहालयासाठी, आग्नेय कड्यावरच्या गोपाचल पर्वतातल्या ४२ फुटी बैठ्या पार्श्वनाथांसाठी, आणि मोहम्मद घौस व तानसेन यांच्या कबरींसाठी ठेवा. संग्रहालय साधारण सोमवारी बंद असतं, तेव्हा वार बघून निघा. सोबत पाणी, टोपी, चांगले बूट आणि दुर्बीण असावी. हिवाळ्यात गेलात तर मुरैन्याचा गजक घ्यायला विसरू नका.

चतुर्भुज मंदिर बंद दिसलं तर तिथल्या राखणदाराला विचारा. आत गेल्यावर अक्षरांना हात लावू नका, त्यांवर पाणी किंवा खडू तर मुळीच नको. मोबाइलचा दिवा समोरून न धरता बाजूने तिरपा धरला की कोरलेले अंक आपोआप उठून दिसतात. बरोबर शाळकरी मुलं असतील तर त्यांना २७० स्वतः शोधू द्या. सापडायला वेळ लागेल. लागू द्या.

ग्वाल्हेरचा किल्ला २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला आहे. माचू पिचू १९८३ पासून त्या वारशात आहे आणि तिथे आता वेळेची, वाटेची, माणसांची मोजणी आहे. इथे अजून ती नाही. पूर्वेची वाट मोकळी आहे, येत्या हिवाळ्यात तिने पायी चढून जा.